ड्रिलवर हँडग्लोव्हज घालायचे नाहीत, विषय संपला

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. कस्टमरचं ऑडिट झालं आणि त्यात रिमार्क आला की कामगार ग्लोव्हज वापरत नाहीत. झालं, आमच्या मॅनेजरसाहेबांनी गठ्ठाभर सुती ग्लोव्हज आणून वाटले आणि नोटीस डकवली, ग्लोव्हजशिवाय कुठल्याच मशीनला हात लावायचा नाही. मी तेव्हाच म्हणलं, साहेब, ड्रिल आणि लेथवाल्यांना यातून वगळा, तर म्हणाले ऑडिटवाल्यांना उत्तर तू देणार काय.

त्या दिवशी सेकंड शिफ्टला फ्लँजचं (पाइप जोडायच्या चकतीचं) काम होतं, पंचवीस एमएमची एमएस म्हणजे साध्या लोखंडाची प्लेट, सोळा एमएमचं भोक. रेडियल ड्रिलवर, म्हणजे आडव्या हाताच्या मोठ्या ड्रिल मशीनवर, आयटीआयचं अप्रेंटिस पोरगं होतं, हुशार आणि शांत. जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, नीट क्लॅम्प केलेला, गॉगल डोळ्यावर, सगळं बरोबर. पण सलग दाब देऊन ड्रिल चालवलं की एमएसची चिप (निघणारा कीस) तुटत नाही, लांबच्या लांब गुंडाळत वर येते, आणि ती गरागरा फिरायला लागली की बाजूला करायचा मोह होतो. हातात ग्लोव्हज म्हणजे कापायची भीती नाही, म्हणून त्यानं मशीन चालू असतानाच बोटानं ओढली.

मी शेजारच्या टेबलवर मार्किंग करत होतो. ओरडला म्हणून बघितलं तर उजव्या हाताचा ग्लोव्ह ड्रिलला गुंडाळलेला आणि हात त्याच्या मागं चाललेला. धावत जाऊन लाल बटण दाबलं. सोळाच्या ड्रिलला साधारण पाचशे आरपीएम ठेवतो आपण, म्हणजे सेकंदाला आठ फेऱ्या, माणसाला "अरे" म्हणायला लागतो तेवढ्या वेळात विणलेला धागा बोटाला आवळून बसतो. उघडा हात असता तर कातडी फाटली असती पण बोट सुटून आलं असतं.

एक हेल्पर म्हणाला रिव्हर्स मारू, त्याला तिथंच थांबवलं. मेन स्विच बंद केला, स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा, हातानं हळूहळू उलटा फिरवला आणि ब्लेडनं ग्लोव्ह कापला. पोरगं घामानं भिजलेलं, सारखं म्हणत होतं, "मामा, घरी सांगू नका." तर्जनी फ्रॅक्चर, टाके पडले, नख गेलं. बोट राहिलं हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं ती डकवलेली नोटीस गुपचूप काढून टाकली, सॉरी वगैरे काही नाही, चालायचंच. आता प्लेट चढवता उतरवताना ग्लोव्हज घालायचे, स्पिंडल चालू करायच्या आधी काढून ट्रेमध्ये टाकायचे. चिप काढायला तारेचा हूक आणि ब्रश, तोही मशीन बंद करूनच. ड्रिल थोडं खाली, थोडं वर असं टोचत चालवायचं, चिप तुकड्यात पडते. छोट्या पिलर ड्रिलवर (खांबावरच्या उभ्या ड्रिलवर) वाईस, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा, टेबलला बोल्ट करायचा, लांब जॉब असला तर त्याचं डावं टोक कॉलमला, म्हणजे मशीनच्या मागच्या खांबाला, टेकवायचं, म्हणजे ड्रिल आरपार जाताना अडकून जॉब फिरलाच तर कॉलमवर अडतो, आपल्या पोटात येत नाही.

एवढं सगळं पोरांनी ऐकलं, पण मनगटातल्या दोऱ्यांवरून रोज भांडण. कडं, अंगठी काढतात, ज्योतिबाचा दोरा काढायला कोण तयार नाही. एकानं दंडाला बांधून वरून बाही बटण लावून घेतली, बाकीच्यांची कुरकुर अजून चालूच आहे.