‘सोल सेरेनेड’वरचा रियाज: ओपन ई, काचेची स्लाइड आणि ती तिसरी तार

डेरेक ट्रक्स या अमेरिकन स्लाइड गिटारवादकाच्या ‘डेरेक ट्रक्स बँड’च्या ‘सोल सेरेनेड’ या अल्बमवर चाललेल्या रियाजाची ही पुढची नोंद. शीर्षकाची धून आता पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजते, आणि ऐकताना मला स्वतःला बरं वाटतं. ‘अफ्रो ब्लू’चा मुखडा बसलाय, त्यापुढचा विस्तार अजून बसायचाय. ‘ड्राउन इन माय ओन टिअर्स’मध्ये गाण्यामागे भरायच्या जागा आता कुठे दिसू लागल्यात. बाकीचं सध्या नुसतं ऐकतोय.

स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत गिटार वाजवणाऱ्यानं हाच अल्बम का घ्यावा, ते आधी सांगतो. २००३ साली आलेल्या या तबकडीवर ब्लूज आहे, जॅझ आहे, जमैका आहे, क्यूबा आहे. सुरुवातीला किंग कर्टिस या सॅक्सोफोनवाल्याची धून येते आणि ती वाजता वाजता बॉब मार्लीच्या ‘रास्ता मॅन चांट’मध्ये शिरते. पुढं जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीचा भाऊ बडी मॉन्टगोमेरी याची ‘बॉक टू बॉक’, क्यूबाच्या काँगावादक मोंगो सांतामारियाची ‘अफ्रो ब्लू’, जॅझ सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरची ‘ओरिएंटल फोक साँग’. एवढ्या ठिकाणांहून आणलेल्या चिजा एकत्र ठेवल्या की प्रदर्शन व्हायची भीती असते. इथं तसं होत नाही, आणि त्याचं कारण मला दर वेळी एकाच ठिकाणी सापडतं: ट्रक्स प्रत्येक धून गळ्यातून आल्यासारखी वाजवतो. मूळ चाल सॅक्सोफोनची असो की ढोलावरच्या जपाची, तो आधी मुखडा गातो, मग पुढं जातो. कितीही वेगळे प्रांत असले तरी गाणारा एकच, त्यामुळे सगळं एका घरातलं वाटतं. माझ्या रियाजाची दिशा यावरूनच ठरली. सोलोतले तुकडे उचलायचे नाहीत. मुखडे उचलायचे, आणि ते गाता येईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही.

‘सोल सेरेनेड’ची निवडही सहज झालेली नसावी, असं मला वाटतं. किंग कर्टिस आणि ऑलमन ब्रदर्स बँडचा स्लाइड गिटारवादक ड्वेन ऑलमन एकत्र वाजवत. ऑगस्ट १९७१मध्ये कर्टिसची न्यू यॉर्कमध्ये हत्या झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २६ ऑगस्टला, ऑलमन ब्रदर्स बँडचा त्याच शहरातल्या ए अँड आर स्टुडिओतला कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित झाला, आणि त्यात ड्वेननं एका लांब ब्लूजच्या पोटात हीच धून घातली. पुढं ऑक्टोबरात तोही अपघातात गेला. डेरेकचा जन्म १९७९चा. ऑलमन ब्रदर्सचा ड्रमर बुच ट्रक्स हा त्याचा काका. ही हकीकत ठाऊक झाल्यापासून ती सुरुवातीची ओळ मी जास्त जपून वाजवतो.

आता गिटारची मांडणी. ट्रक्स ओपन ई या ट्यूनिंगमध्ये वाजवतो, पिक न घेता, उघड्या बोटांनी. स्लाइड काचेची आणि अनामिकेत. काचेची ही परंपराही ड्वेनचीच. तो कोरिसिडिन नावाच्या औषधाची रिकामी बाटली वापरायचा. मीही काच आणि अनामिकाच धरली आहे. पितळेची स्लाइड जड असते, तिचा आवाज लांबतो आणि त्याला धार येते. काचेचा आवाज जरा गोल लागतो आणि मुखडा गाण्यासाठी मला तोच पटतो. करंगळीत घातली तर कॉर्डसाठी तीन बोटं मोकळी राहतात हे खरं. पण अनामिकेत असली की तर्जनी आणि मधलं बोट स्लाइडच्या मागे तारांवर अलगद टेकवता येतात, आणि मागच्या बाजूनं निघणारी खरखर तिथल्या तिथे मरते.

ओपन ई म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. आपल्या कानांना हे फार सोपं आहे: सा प सा ग प सा. जवळजवळ तानपुराच, फक्त मध्ये एक शुद्ध गंधार बसवलेला. नेहमीच्या ट्यूनिंगवरून इथं यायला पाचवी आणि चौथी तार एकेक पूर्ण स्वर चढवावी लागते, तिसरी अर्धा. तारांचा ताण वाढतो. अकूस्टिकवर हा ताण मला नको होता, म्हणून मी ओपन डीमध्ये उतरवून दुसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावतो. स्वरांचं नातं तेच राहतं. इलेक्ट्रिकवर सरळ ओपन ई. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जरा वर घेतली आहे आणि पहिली तार ०११ची (०.०११ इंच जाडीची) लावली आहे. त्याहून बारीक तारेवर स्लाइडचा भार पडला की ती फ्रेटला टेकते आणि स्वर बिघडतो.

तो मधला गंधार म्हणजे तिसरी तार. या सगळ्या रियाजाचं मर्म मला तिथं सापडलं.

मेजर ब्लूज वाजवताना ती तार मित्रासारखी असते. बाराव्या फ्रेटवर स्लाइड आडवी ठेवा, पूर्ण कॉर्ड तयार. पाचव्यावर चौथ्या अंशाची (मध्यमाची) कॉर्ड, सातव्यावर पाचव्या अंशाची (पंचमाची). पण ‘अफ्रो ब्लू’ मायनर आहे, म्हणजे तिचा गंधार कोमल. तिथं बाराव्या फ्रेटवर चुकून तिसऱ्या तारेला बोट लागलं की शुद्ध गंधार खणखणीत वाजतो आणि धुनेचा सगळा रंग उडतो. मायनर चाल मेजर ट्यूनिंगवर वाजवायची तर एका वेळी एकच तार जागी ठेवायची, बाकीच्या पाच निजवायच्या. हे काम उजव्या हाताचं. माझी सध्याची बैठक अशी: अंगठा जाड तारांवर आडवा, तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर. जी तार वाजवायची तिचंच बोट उठतं, ती छेडतं, आणि दुसरा स्वर सुरू होण्याआधी परत आपल्या जागी येऊन बसतं. कोमल गंधार हवा असेल तर तिसऱ्या तारेवर अकराव्या फ्रेटला घ्यायचा, किंवा चौथीवर पंधराव्याला. चौथीवरचा मला जास्त आवडतो. जाड तारेचा तो स्वर घशातून आल्यासारखा येतो.

पिक सोडल्याशिवाय हे जमत नाही, असं आता माझं ठाम मत झालंय. पिक तार छेडतो, पण परत येऊन तिला गप्प करत नाही.

गंधाराचं आणखी एक. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर ठेवायची, दोन फ्रेटच्या मध्ये नाही, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. त्यानं समान अंतरांच्या सप्तकातला गंधार मिळतो, म्हणजे षड्जापासून ४०० सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याशी जुळणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक मला बोटांनी कळायला हवा होता, म्हणून मी हिशोब केला. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर पहिल्या तारेच्या चौथ्या फ्रेटपाशी तो साधारण ४ मिलिमीटर भरतो, आणि सोळाव्यापाशी त्याच्या निम्मा. तेवढं डोक्याच्या बाजूला सरकायचं. आता रोज सुरुवातीला ईचा तानपुरा लावून मी फक्त सा, ग, प एवढेच तीन स्वर वाजवतो, डोळे मिटून. गंधार जागेवर बसला की तानपुरा मोठा झाल्यासारखा वाटतो. तेव्हाच पुढं जायचं.

ब्लूजचा गंधार याहून वेगळा, कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी. तो एका जागी उभाही राहत नाही, खालून वर सरकत राहतो. ट्रक्स हा स्वर कसा लावतो ते ऐकण्यासाठी ‘ड्राउन इन माय ओन टिअर्स’सारखी जागा नाही. हे गाणं रे चार्ल्सनं १९५६ साली गाजवलेलं. इथं ते ड्वेनचा भाऊ ग्रेग ऑलमन गातो. ग्रेगचा आवाज गंधाराला जिथून हात घालतो, गिटारही तिथूनच घालते, आणि दोघांपैकी कोणीही तो पूर्ण शुद्ध होऊ देत नाही. गाणाऱ्याची ओळ संपते तिथं गिटारचा छोटा तुकडा येतो, आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत तो संपलेला असतो. ठुमरीला संगत करणारा सारंगीवाला हेच तर करतो. या गाण्यावर मी सध्या मुद्दाम कमी वाजवतोय: दोन ओळींच्या मधे एकच स्वर, पण योग्य ठिकाणी सुरू झालेला आणि योग्य ठिकाणी थांबलेला.

शीर्षकाच्या धुनेनं मला श्वास शिकवला. ती सॅक्सोफोनसाठी लिहिलेली आहे, म्हणजे तिच्या प्रत्येक वाक्याला फुंकणाऱ्याच्या दमाची मर्यादा आहे. गिटारला दम लागत नाही, म्हणून आपण वाजवतच सुटतो. मी ठरवलं की प्रत्येक वाक्य एका उच्छ्वासात वाजवायचं. दम संपला की स्वरही संपला. एवढं केल्यावर चाल आपोआप सुटसुटीत झाली. वाक्याच्या शेवटचा स्वर आधी सरळ धरतो, थोडा ठरू देतो आणि मग त्यावर आंदोलन देतो. स्लाइड स्वराला लागल्या लागल्या हलवायला सुरुवात केली, की बेसूरपणा झाकला जातो एवढंच. कान काही शिकत नाही. आंदोलनाची रुंदी मनगटातून येते, बोटातून नाही, आणि अंगठा मानेवर नुसता टेकलेला हवा. अंगठ्यानं पकड घट्ट केली की स्वराला कंप सुटतो.

‘रास्ता मॅन चांट’कडे वळताना लय ज्या तऱ्हेनं बदलते ते मी फक्त ऐकतोय. यॉनरिको स्कॉटचे ड्रम्स आणि टॉड स्मॉलीचा बेस तिथं जपाची जमीन तयार करतात आणि गिटार बराच वेळ घाई करत नाही.

‘अफ्रो ब्लू’ची लय हा वेगळाच धडा. मोंगो सांतामारियानं ती १९५९ साली आणली. १९६३मध्ये जॉन कोल्ट्रेननं ती सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतल्यापासून जॅझवाल्यांनी ती सोडलीच नाही. मुळात सहा मात्रांचं आवर्तन, पण ते एकाच वेळी दोन वेळा तीन आणि तीन वेळा दोन असं चालतं. दादऱ्याची सवय असलेल्याला पहिला अर्धा भाग फुकट मिळतो. दुसरा कमवावा लागतो. माझी पद्धत साधी आहे. पायानं दोन ठोके, हातानं मांडीवर तीन, आणि तोंडानं मुखडा. हे तिन्ही न अडखळता चाललं की मगच गिटार घ्यायची. स्लाइडवर यात जास्तीची अडचण अशी की मींड घेताना स्वर नेमका कोणत्या क्षणी पोचला हे धूसर होतं. मींड मात्रेवर सुरू करायची की मात्रेवर संपवायची? ऐकून ऐकून मी या निष्कर्षाला आलोय की ठोका पडताना स्वर पोचलेला हवा, म्हणजे निघायचं आधी. तसं केल्यावर मुखडा ड्रम्सच्या वर तरंगायचा थांबला आणि त्यांच्यात मिसळला.

शॉर्टरच्या धुनेला अजून हात लावलेला नाही. तिची मूळ ध्वनिफीत १९६४ची आहे, आणि तिथं ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन मुखडा मिळून वाजवतात. एका स्लाइडनं ते दोन आवाज कसे पेलायचे? दोन तारांवर एकत्र वाजवावं का, हे पाहायचंय. सरळ स्लाइडखाली दोन तारांचं अंतर कायम राहतं, त्यामुळे ट्यूनिंग देईल तेवढीच जोडी मिळते: पहिली-दुसरीत चौथ्या अंशाचं अंतर, दुसरी-तिसरीत कोमल गंधाराचं. स्लाइड तिरकी करून हे बदलता येतं, पण त्याला सुरेलपणाची फार पक्की तयारी लागते.

एका गोष्टीबद्दल थोडं. ट्रक्सच्या वाजवण्यात सरोद ऐकू येतो असं अनेक जण म्हणतात, आणि ते उगाच नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफाएलमध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांनी चालवलेल्या कॉलेजात तो शिकला आहे. सरोदाला पडदे नसतात. पोलादी पट्टीवर नखानं तार दाबून मींड काढतात. स्लाइडलाही पडदे नसल्यातच जमा. पण मला सरोद सर्वात जास्त ऐकू येतो तो मींडेत नाही, तर आलापासारख्या संथ वाढीत: एका स्वराभोवती फिरत राहायचं, त्याच्या शेजारच्यांची ओळख करून द्यायची, आणि वरच्या षड्जाला शक्य तितक्या उशिरा हात घालायचा. हे कळल्यापासून मी ‘सोल सेरेनेड’च्या विस्तारात वरचा सा स्वतःला बंद करून ठेवलाय. मधल्या सप्तकातच राहायचं, निषादापर्यंत जाऊन परत यायचं. बोटं कासावीस होतात, पण विस्तारात रोज काहीतरी नवं सापडतं.

पुढच्या टप्प्यात ‘अफ्रो ब्लू’चा विस्तार याच नियमानं करणार आहे: कोमल गंधार चौथ्या तारेवर, वरचा सा बंद, आणि दोन विरुद्ध तीनचा ठेका लूपरवर, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर. त्यासोबत तिरक्या स्लाइडचा रोज थोडा सराव, शॉर्टरसाठी.