आधी उतार, मग झाड

आर्किटेक्चरच्या मुलांना लँडस्केप शिकवताना पहिला तास झाडांच्या यादीने सुरू करू नये. शीटवर हिरवी वर्तुळं भराभर उमटतात, जमीन मात्र मुलांच्या डोक्यात सपाटच राहते.

सुरुवात लेव्हलने, म्हणजे जमीन कुठे किती उंच आहे यापासून करावी. कॉलेजच्याच आवारात २० बाय १५ मीटरचा तुकडा घ्या, फक्कीने ५ मीटरचं ग्रिड आखा, २० बिंदू मिळतात. लेव्हल काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. नळीत बुडबुडा राहिला की सगळे आकडे चुकतात, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहायचं. (जमलं तर गवंड्यालाच बोलवा. त्याचा हात पाहून मुलं लवकर शिकतात.) मग कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. शेजारच्या दोन बिंदूंची लेव्हल ९९.४० आणि ९९.९० मीटर असेल, तर ९९.५० ची रेषा खालच्या बिंदूपासून १ मीटरवर जाते. मुलं ती अंदाजाने मध्यावर ओढतात आणि तिथेच पुढच्या ड्रेनेजची वाट लागते. फरसबंदीला १:५० उतार, म्हणजे १० मीटरला २० सेंटिमीटर, आणि तो प्लिंथपासून, म्हणजे इमारतीच्या जोत्यापासून, बाहेरच.

नागपुरात काळ्या मातीची परीक्षा चुकवून चालत नाही. ३० सेंटिमीटरचा खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा, तासाभराने मोजा. पाणी २-३ सेंटिमीटरही उतरलं नाही, तर तिथे मोठा खड्डा खणून चांगली माती भरणं म्हणजे झाडाला हौदात उभं करणं. पावसाळ्यात मुळं कुजतात. अशा जागी उंचवटा करून लावावं. उन्हाळ्यात हीच माती आकसते. पायालगतचं मोठं झाड तिचा उरलासुरला ओलावाही ओढून घेतं आणि भिंतीला तडे जातात.

सावलीचं गणितही इथलंच हवं. २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली झाडाखालीच पडते. डिसेंबरअखेरीस ती झाडाच्या उंचीएवढी उत्तरेला जाते. मे महिन्यात छळतं ते तीननंतरचं पश्चिमेचं ऊन, म्हणून बाकाच्या पश्चिमेला कडुनिंब. बहावा तेव्हा फुलांनी लखलखतो, पण त्याची सावली विरळ.

आता वर्तुळ काढू द्या. वाढलेल्या कडुनिंबाच्या पसाऱ्याचा व्यास १० मीटर धरला, तर १:२०० स्केलला ते ५ सेंटिमीटरचं होतं. मुलं दीड सेंटिमीटरचं काढतात. आजचं आणि पंधरा वर्षांनंतरचं, अशी दोन वर्तुळं काढायला लावली की पार्किंगमधलं एखादं झाड ती स्वतःच खोडतात.