बारा किलोमीटरनंतरचे शून्य

"सर, आता स्विच बंद करू नका हं," असं नववीतली माझी विद्यार्थिनी मला म्हणाली होती. स्विच फुग्याखाली बांधायच्या जीपीएस-रेडिओच्या खोक्याचा. मी हो म्हणालो आणि पाच मिनिटांनी बॅटरी वाचावी म्हणून बंद केला. फुगा भरून झाल्यावर पुन्हा चालू केला. एवढंच केलं मी.

जानेवारीतली पहाट, सिन्नरजवळचा माळ. ओझरचा विमानतळ नाशिकला लागून, त्यामुळे परवानग्यांच्या कागदांत सहामाही संपून गेलेली. नववीची अकरा मुलं कानटोप्या घालून कुडकुडत होती. पहाट निवडली ती वारा पडलेला असतो म्हणून. हाताचं तेल रबराला लागू नये म्हणून हातमोजे, खाली सतरंजी. नळीला 1900 ग्रॅम पाण्याचा कॅन बांधलेला. फुग्याने तो जेमतेम उचलला की हेलियम बंद. खोक्याचं वजन 900 ग्रॅम, वरचा एक किलो वर चढण्यासाठी.

एकाने विचारलं, "वर हवा विरळ, मग फुग्याचा जोर कमी नाही होणार?" नाही होत. बाहेरची हवा विरळ होते तसा आतला वायूही पसरतो. जमिनीवर माणसाएवढा असलेला फुगा तीस किलोमीटरवर दुमजली घराएवढा होतो, आणि मग रबर हार मानतं.

6 वाजून 50 मिनिटांनी सोडला. सेकंदाला पाचेक मीटर वेगाने तो आधी सरळ वर गेला, मग पूर्वेकडे कलला. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो, त्यामुळे खोकं येवला-वैजापूरकडे जाणार हा अंदाज होता. मुलांना एकच भीती: नांदूर मधमेश्वरच्या पाण्यात नको पडायला.

साडेसातच्या सुमाराला लॅपटॉपवर उंची 12 हजार मीटरच्या जवळ आली आणि तिच्या जागी शून्य दिसलं. मग अक्षांश शून्य, रेखांश शून्य. रेडिओ मात्र दर दहा सेकंदांनी इमानदारीत बोलत होता. खोकं जिवंत होतं, पण कुठे आहे ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

ती लॅपटॉपवरून उठून माझ्याकडे बघत राहिली. आमच्या जीपीएसच्या चिपला मुळात 12 किलोमीटरची मर्यादा. विमानासाठीचा मोड निवडला की ती 50 किलोमीटरपर्यंत चालते. तो मोड तिने आदल्या रात्री घातला होता, पण चिपने तो साठवला नव्हता. वीज गेली की चिप पुन्हा जुन्या सवयीवर.

मी सांगून टाकलं. कोणी काही बोललं नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. पुढचा सवा तास जीपमध्ये. कोणी पोहे खाल्ले नाहीत, म्हणून ते सगळे मीच खाल्ले.

8 वाजून 40 मिनिटांनी आकडे परत आले. खोकं पॅराशूटवर उतरताना 12 किलोमीटरच्या खाली आलं होतं. ती किंचाळली, ड्रायव्हरकाकांनी गाडी बाजूला घेतली. शेवटची नोंद वैजापूरच्या अलीकडची.

कांद्याच्या वाफ्यात लाल पॅराशूट अंथरल्यासारखं पडलेलं. शेतकरी आजोबा दहा हात लांब, काठी घेऊन. वर मराठीत 'घाबरू नका, शाळेचा प्रयोग आहे' असं लिहिलेलं, तरी त्यांनी हात लावला नव्हता. म्हणाले, "लिवलंय खरं, पण बॉम्बवर बी असंच लिवतील की." चहा मात्र पाजला.

मेमरी कार्डावर दाबाचा आकडा 13 हेक्टोपास्कलपर्यंत उतरलेला, म्हणजे साडेएकोणतीस किलोमीटरच्या आसपास. तापमानाने मुलांना चकवलं. सगळ्यात थंड, उणे 76, हे टोकाला नव्हे तर सोळा-सतरा किलोमीटरवर होतं. त्यावर पुन्हा ऊब. ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषून तिथली हवा तापवतो, हे मी फळ्यावर पाच वर्षं लिहीत होतो. मुलांनी ते त्या दिवशी कांद्याच्या बांधावर बसून वाचलं.

सोमवारी प्रयोगशाळेत खोकं टेबलावर होतं. स्विचवर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने: 'सरांनी हात लावू नये.'