आजोबांच्या ट्रकची चासी: बदलायची की वाचवायची?

आजोबांनी 1966 साली घेतलेला टाटा-मर्सिडीज गोव्यात डिचोलीला आमच्या घरामागच्या शेडमध्ये उभा होता. नाकावर तीन टोकांचा तारा अजून आहे. टाटा आणि डाइमलर-बेंझ यांचा करार 1969 साली संपला, त्यामुळे तो तारा म्हणजे ट्रकचा जन्मदाखलाच. उमेदीची सगळी वर्षं त्याने खाणीवरून मांडवीच्या धक्क्यापर्यंत खनिज ओढलं. 2012 साली खाणी बंद पडल्या, तोवर तो कधीच निवृत्त झाला होता.

त्याला परत चालू करायचं खूळ माझं. बाबा एवढंच म्हणाले, "इंजिनाचं मागाहून बघ. आधी चासी बघ." चासी म्हणजे ज्यावर सगळा ट्रक उभा असतो तो खालचा लोखंडी सांगाडा. मी वाकून टॉर्च मारला. काळीकुळकुळीत! दिसणारच, कारण दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याला पैसे मोजून मीच तिला काळा रंग मारून घेतला होता. गंज न खरवडता. तेव्हा ते मला कळलं नाही, हा दोष माझाही.

चासीची खरी तपासणी फोंड्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या मेस्तांनी, म्हणजे कारागिरांनी केली. हातात फक्त अर्ध्या किलोची हातोडी. पुढच्या टोकापासून दर वीतभर अंतरावर ठोकत आले. केबिनखाली खणखणीत आवाज. मागच्या चाकांच्या पुढेपर्यंत तसाच. मागच्या शॅकल ब्रॅकेटपाशी, म्हणजे स्प्रिंगचं मागचं टोक चासीला टांगलेलं असतं तिथे मात्र आवाज एकदम बसला, नासका नारळ वाजवावा तसा. मेस्तांनी तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून वर हाताने थापटी मारली आणि तो आरपार गेला. "हो पत्रो न्हय, पापड," म्हणाले आणि विडी पेटवली.

मी हबकलो आणि त्याच आठवड्यात दुसरी चासी शोधायला निघालो. खाणपट्ट्यात भंगाराच्या चासींना तोटा नाही. उसगावकडे एक मिळाली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरसुद्धा जुळत होतं. पण ती कितीतरी नंतरच्या मॉडेलची. इंजिनाच्या माउंटिंगची भोकं वेगळ्या जागी, स्टिअरिंग बॉक्सची बैठक वेगळी. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिच्यावर तिचा नंबर. आमच्या आरसी बुकातला नंबर आमच्या उजव्या लाँग मेंबरवर, म्हणजे चासीच्या उजव्या लांब तुळईवर ठोकलेला आहे. दुसऱ्या चासीवर तोच नंबर परत पंच करणे हा सरळ गुन्हा. रीतसर जायचं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आधी वाहतूक खात्याची परवानगी. 2021 च्या विंटेज नियमांतला 'व्हीए' नंबर मिळेल अशी मला आशा होती. पण तो खाजगी वापराच्या पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे, आणि त्यांच्याही चासीत मोठा फेरफार केलेला चालत नाही. आमचा मालवाहू ट्रक कुठूनच त्यात बसेना.

मग हौदा उतरवला, केबिन उतरवली, चासी घोड्यांवर घेतली आणि तिला डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग आणि गंज उडवायला नेलं. माझ्या मते सगळ्या खर्चात हाच खर्च सर्वांत शहाणपणाचा. रंगाखाली काय लपलंय ते कळल्याशिवाय दुरुस्ती की बदल, हा वाद म्हणजे बंद पेटीवर बोली लावणं.

परत आल्यावर ओळंबा सोडून चासीवरचे बिंदू जमिनीवर खडूने उतरवले आणि कर्ण मोजले. फरक 4 मिलिमीटर. म्हणजे चासी बाजूला वाकलेली किंवा तिरकी सरकलेली नव्हती. जाडी शाबूत जागी 6 मिलिमीटरच्या थोडी वर, शेपटीकडे 3 च्या आसपास आणि काही ठिकाणी नुसती भोकं.

मला वाटलं, शेपूट हीच मोठी भानगड. मेस्तांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते डाव्या बाजूला बॅटरीच्या पेटीखाली जाऊन बसले. वर्षानुवर्षं ॲसिड ठिबकून तिथे चॅनलची, म्हणजे त्या लांब तुळईची खालची आडवी पट्टी (फ्लँज) पातळ झाली होती, 4.7 मिलिमीटर. त्यांचा हिशेब असा: मागच्या चाकांपलीकडचा भाग नुसता लोंबकळतो, तो कापून नवा जोडता येतो. पण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे सगळा भार चासीला खाली वाकवतो आणि तो ताण खालची फ्लँज झेलते. तिथे भोक पडलं असतं, तर त्यांनी ट्रक भंगारात घाला म्हणून सांगितलं असतं. शेपटीतला हातभर खड्डा परवडला, पण इथला बोटभर नाही.

तिथे वेल्डिंग करायचंच नाही असं ठरलं. आतून कोनाच्या आकाराचा जोडपत्रा बसवला, दोन्ही टोकं निमुळती कापून, म्हणजे ताण एका रेषेवर साचत नाही. बोल्ट सगळे उभ्या भागातून घेतले, फ्लँजला एकही भोक नाही. मागच्या स्प्रिंगच्या वर चासीला कंपनीनेच एक जादा पत्रा रिव्हेट केला होता. त्या दोन पत्र्यांच्या मधे गंज धरून इतका फुगला होता की रिव्हेटची डोकी ताणून वर आली होती. पत्र्यांच्या फटीत माझी करंगळी जात होती! एकेक डोकं ग्राइंडरने उडवून, मधोमध पंच मारून, ड्रिलने पोखरून रिव्हेट काढले. एकूण बावीस. त्यातल्या एकानेच अख्खी दुपार खाल्ली. पत्रे उघडले तर आत पापुद्र्यापापुद्र्याचा काळा गंज आणि त्यात खाणीची लाल माती, अजून ओलसर. साफ करून झिंकचा प्रायमर दिला आणि रिव्हेटच्या जागी चपखल बसणारे हाय-टेन्साइल बोल्ट घातले.

शेपूट शॅकल ब्रॅकेटच्या मागे तिरकी कापली. त्याच मापाचा चॅनल प्रेसवर वाकवून घेतला आणि जोडावर आतून पट्टी दिली. एक क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही तुळयांना जोडणारा आडवा दांडा, पूर्ण नवीन. मृगाच्या आधी आटपायचं होतं, जूनचे दहा दिवस वर गेले. पावसात वेल्डिंग नको म्हणून शेवटचा जोड आठवडाभर ताडपत्रीखाली तसाच राहिला.

एवढ्या पैशांत भंगारातल्या दोन चासी आल्या असत्या, हे काकांनी मला आतापर्यंत चारदा ऐकवलंय. नंबर मात्र जागेवर आहे. ब्लास्टिंगनंतर शेवटचे दोन आकडे जेमतेम वाचता येतात, म्हणून त्यावर रंग न मारता नुसतं ग्रीस लावून ठेवलंय.

आता केबिनचा तळ काढायला घेतलाय. चालकाच्या पायाखालून पामतेलाच्या डब्याचा पत्रा निघाला, चार खिळ्यांनी ठोकलेला. बाबा म्हणतात, मी नाही ठोकला.