जिभेखालची गोळी आहे, मग रोजच्या कशाला?

आमच्या औषधाच्या दुकानात हा प्रश्न सारखा येतो. "ताई, छातीत भरून आलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतो, थोड्या वेळात मोकळं वाटतं. मग या रोजच्या गोळ्या कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या बाबांनीही हेच विचारलं होतं.

बाबांना अंजायना होता, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं. जिना चढताना, जेवल्याजेवल्या चालायला निघाले की दुखायचं. बसले की थांबायचं. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली की हृदयाला श्रमाच्या वेळी रक्त पुरत नाही. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि त्याच्यावरचा भार उतरतो. गिळली तर बरीचशी यकृतातच निकामी होते, म्हणून जिभेखाली ठेवायची. तीही बसूनच, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. डोकं ठणकलं तर घाबरू नका, तो तिचाच परिणाम. मात्र पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

पण ती गोळी दुखल्यावरची. मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके सावकाश करणारी रोजची गोळी, दुखूच नये म्हणून असते. रक्ताचा पुरवठा वाढवता येत नसेल तर हृदयाची गरजच कमी करावी, या विचारातून शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात याच गटातलं प्रोप्रॅनोलोल शोधलं; १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला हा विचार फार आवडतो. ठोके सावकाश पडले की तेवढ्याच रक्तात भागतं. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिननं दुखणं थांबत नाही. त्या गोळ्या पुढचा झटका टाळण्यासाठी.

"आता दुखत नाही" म्हणून बाबांनी मेटोप्रोलोल परस्पर बंद केली. चौथ्या दिवशी बसल्या जागी छाती दुखायला लागली. ही गोळी एकदम तोडली की दबलेलं हृदय उसळून धावतं. तीन रात्री दवाखान्यात काढल्या आम्ही. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. व्हायग्रासारखी गोळी घेत असाल तर सॉर्बिट्रेट चालत नाही, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, ठाऊक आहे मला. गिऱ्हाईक कमी असताना या, पण सांगा.