कलम 19 आणि दोन मुलं

जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. हजारभर मुलं हाताखालून गेली असतील, पण दोघं मनातून जात नाहीत. त्यांची नावं, गावं, इयत्ता मी सांगणार नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 23 प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही लिहिता येत नाही, आणि हे कलम नसतं तरी मी लिहिलं नसतं. मराठवाड्यातला ऊसतोडीचा पट्टा, एवढं पुरे.

पहिला मुलगा 2009 चा. दिवाळी झाली की आमच्याकडे आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. काही पोरं त्यांच्यासोबत जातात, काही आजीजवळ नाहीतर चुलत्याकडं मागं राहतात. हा मागं राहिलेला. एका दुपारी खिचडीची ताटली हातात तशीच धरून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "बाई, आईला फोन लावता का? मला तिकडं झोपायचं नाही." मी म्हटलं, का रे? त्यानं सांगितलं. चारच वाक्यं बोलला, पण कळायचं ते कळलं.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगा आहे हो. पोरगी असती तर गोष्ट वेगळी. विसरून जाईल. उद्या भावकी शाळेवर आली तर कोण निस्तरणार?" आणि मी गप्प बसले. डिसेंबरात तो शाळेत यायचा बंद झाला. कुणी म्हणालं आईकडं गेला, कुणी म्हणालं मामाच्या गावाला. मी शोध घेतला नाही.

तेव्हाचा कायदाही मुख्याध्यापकांच्याच बाजूनं उभा होता म्हणा. बलात्काराच्या व्याख्येत मुलगा बसतच नव्हता. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास तोवर आलेला होता. 13 राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून केलेला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं होतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. आमच्या शाळेपर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं.

मग 14 नोव्हेंबर 2012 ला, बालदिनी, पोक्सो लागू झाला. अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात आलं, मुलगा असो की मुलगी. केंद्रशाळेतल्या प्रशिक्षणात आम्हाला कलम 19 सांगितलं. असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. बाकीचे शिक्षक कुरकुरले, आता हेही आमच्या डोक्यावर का म्हणून. मला मात्र हलकं वाटलं. कळवायचं की नाही हा प्रश्नच त्या कायद्यानं माझ्या हातून काढून घेतला होता. भावकी आली तर सांगता येणार होतं, मला कायद्यानंच बांधलंय.

दुसरी मुलगी 2018 ची. तीही मागं राहिलेली, आजीजवळ. तिनं मला सांगितलं त्याच दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि त्यांचं उत्तर यायच्या आत पोलीस ठाण्याला फोन केला.

पुढचं जे पाहिलं त्यानं माझा कायद्यावरचा विश्वास बसला. जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक घरी आल्या, त्याही पंजाबी ड्रेसमध्ये. वर्दी घालायची नाही, मुलाला सोयीच्या जागी जाऊन जबाब घ्यायचा, हे कलम 24 मध्येच आहे. आजी ओसरीवर बियाण्यासाठी शेंगा फोडत बसली होती. मॅडम तिथंच खाली बसल्या. "सोबत कोण पाहिजे तुला?" पोरगी म्हणाली, "बाई बसू द्या." मग ती शेंगा फोडायला लागली, मॅडमही फोडायला लागल्या. एक शेंग, एक वाक्य. मध्ये बराच वेळ नुसताच टरफलांचा आवाज. मॅडमनी एकदाही घाई केली नाही. तासाभरानं सुपात दाण्यांचा ढीग झाला होता आणि जबाब पुरा झाला होता. शेवटी तिनं विचारलं, "मी काही केलं नाही ना?" आजी पदर तोंडाला लावून आत गेली.

कोर्टातही बंद दाराआड काम चाललं, मध्ये पडदा होता, आरोपी तिला दिसला नाही. आरोपीच्या वकिलांनी थेट प्रश्न विचारला तेव्हा न्यायाधीशांनी थांबवलं. प्रश्न त्यांच्यामार्फतच जायला हवेत, असं कलम 33 सांगतं. पण हे सगळं व्हायला तीन वर्षं लागली. कोर्टानं दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल, असं कलम 35 म्हणतं. तीन वर्षांत पोर कितीतरी विसरते, आणि विसरलं की खोटं ठरते. अंगात कुठल्या रंगाचा फ्रॉक होता, असं तिला विचारलं गेलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मला फार राग आला होता. शिक्षा झाली त्याला, पण ती तीन वर्षं त्या पोरीच्या वाट्याची गेली.

2019 मध्ये शिक्षा वाढल्या, गंभीर गुन्ह्याला फाशीपर्यंत. लोकांना बरं वाटलं. मला काळजी वाटते. गुन्हेगार चुलता असेल तर फाशीच्या नावानंच घर तोंड शिवून घेतं. मला फाशीपेक्षा ते 30 दिवस पाळलेले बघायचेत.

नोव्हेंबर 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं त्यात म्हटलंय. मी ती बातमी कापून ठेवली. दोन वर्षांनी बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, तेव्हा तिथंही न कळवल्याबद्दल शाळेच्या प्रमुखांवर गुन्हा लागला.

नव्या शिक्षिका विचारतात, बाई, खात्री नसेल तर? खात्री करणं पोलिसांचं काम. चांगल्या हेतूनं कळवलं तर पुढं काही निघालं नाही तरी तुमच्यावर काही येत नाही, हेही कलम 19 मध्येच लिहिलंय. ठाण्याला फोन करा. जीभ रेटत नसेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन, लावा, पण त्याच दिवशी.

निवृत्तीच्या आधी कपाट आवरताना 2009 ची हजेरी सापडली. डिसेंबरपासून त्याच्या नावापुढं 'गै'ची रांग आहे, माझ्याच अक्षरात. मार्चमध्ये लाल शाईनं नाव कमी केलंय. आता तो सव्विसेक वर्षांचा असेल. पोक्सो मागं जाऊन लागत नाही. तो कुठं असतो, मला अजून माहीत नाही.