चैत्रातली चादर

सोलापुरात एप्रिल महिन्यात कूलर बंद करायला सांगणं हा गुन्हा आहे, आणि तो मी ओळीने नऊ रात्री केला. बाहेर पारा ४२ च्या वर. रात्री दोन वाजताही भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटतं. शेजारचे गच्चीवर पाणी मारून वर झोपायला जातात. आणि मी चादर कानापर्यंत ओढून, पाय पोटाशी घेऊन पडलेला. चादर आपलीच, सोलापुरी, जाडजूड, मोराची. चाटी गल्लीत एका दुकानात मी हिशेब लिहितो. 'साहेब, एकदा पांघरून बघा, थंडीत दुसरं काही लागणार नाही' हे वाक्य तिथे दिवसातून वीसदा कानावर पडतं. त्याची खात्री चैत्रात पटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

दुकानात मी पंख्याखालची खुर्ची सोडून भिंतीकडे सरकलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "काय बे, बाळंत झालास का काय?"

वर्षभर काहीतरी बिनसलंच होतं. बेरीज दोनदा करायला लागायची. जिना चढताना मध्येच 'आपण कशाला निघालो होतो' असा विचार यायचा. आवाज घोगरा, पायाच्या टाचा नांगरलेल्या शेतासारख्या. दुपारी जेवणाच्या सुटीत गठ्ठ्यांना टेकलो की थेट मालक हलवून उठवायचे. घरात याला एकच शब्द होता, आळस. माझाही त्यावर विश्वास बसत चालला होता. एका डॉक्टरांनी चार महिने टॉनिक पाजलं आणि वर 'आता वय झालं' असंही सांगितलं. मी ४६ चा. टॉनिक गोड होतं, एवढंच त्याचं वर्णन.

दहाव्या रात्री बायकोने निकाल दिला. "अहो, एक तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, नाहीतर चादर घेऊन हॉलमध्ये. कूलर काही बंद होणार नाही."

दुसऱ्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं. पावलं मागे लोंबत ठेवली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने टकटक केलं. पाऊल झटक्यात खाली गेलं. जाताना बरोबर गेलं, परत येताना मात्र रेंगाळलं. पेन्शनर बाजारातून घरी येतो ना, वाटेत दोघातिघांशी बोलत, तसं सावकाश. डॉक्टरांनी तीनदा मारून पाहिलं आणि रक्त काढायच्या आधीच हसले. नंतर कळलं की स्नायू आखडतो तो कॅल्शियम सुटल्यामुळे, आणि सैल पडायचा तर ते कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरावं लागतं. तो उपसा करणारे पंप गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या हुकमाने तयार होतात. माझे पंप कमी पडले होते. म्हणजे मी आळशी नव्हतो, माझी पावलं आळशी होती. हा फरक मी घरी दोनदा समजावून सांगितला.

रिपोर्टात टीएसएच ४८. नॉर्मल साधारण ०.४ ते ४. मला वाटलं, वा, भरपूर आहे की! पण हा हिशेब उलटा निघाला. टीएसएच म्हणजे थायरॉईड नव्हे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीने थायरॉईडला धाडलेला तगादा. आमच्याकडे एखाद्या पार्टीकडून माल येईनासा झाला की पत्रं वाढतात, फोन वाढतात, शेवटी मालक स्वतः जातात. तगादा ४८ वर पोचला याचा अर्थ कारखान्यात शुकशुकाट.

"थायरॉईड? ते बायकांना होतं ना बे?" मित्राने विचारलं. बायकांना जास्त होतं, खरंय. पण गळ्यातलं ते फुलपाखराच्या आकाराचं पिल्लू पुरुषांनाही असतं, आणि तेही संपावर जातं.

गोळी मिळाली थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड जे बनवतं त्याचीच, ५० मायक्रोग्रॅमची. आकडा दिसला की मांडून बघायची खोड असल्यामुळे मांडून पाहिलं. एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. गोळी दिसते तेवढी, पण तिच्यातलं औषध मिठाच्या एका बारीक कणाच्या आसपास. हे औषध पहिल्यांदा स्फटिकरूपात हाती लागलं ते एडवर्ड केंडॉल या रसायनशास्त्रज्ञाच्या, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये, १९१४ च्या नाताळच्या दिवशी. पुढे त्यांनी डुकरांच्या तीन टन थायरॉईड ग्रंथी घेऊन त्यातून ३३ ग्रॅम मिळवलं. तीन टनांतून ३३ ग्रॅम ऐकून कुठलाही व्यापारी कपाळाला हात लावेल. पण त्या ३३ ग्रॅमांत माझ्या गोळ्या बसतात सहा लाख साठ हजार. रोज एक घेतली तर १८०० वर्षं पुरतील.

गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहा नाही. उपचारातला खरा त्रास तेवढाच.

पण मला छळत होता तो थंडीचा प्रश्न. मिठाच्या कणाएवढ्या वस्तूवाचून माणूस ४२ डिग्रीत कुडकुडतो कसा? मुलगी नववीत आहे. तिने विज्ञानाचं पुस्तक आणून बोट ठेवलं. "बाबा, तंतुकणिका. पेशीचं ऊर्जाकेंद्र. एक मार्क." आमच्या वेळीही एक मार्क होता आणि मी तो मिळवून विसरून गेलो होतो. या वेळी शब्दापाशी थांबलो. तंतू आणि कणिका. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत धागे आणि दाणे पाहिले आणि मायटोकाँड्रिया हे नाव दिलं. ग्रीकमध्ये मिटोस म्हणजे धागा. ज्याच्या आईने सोलापूरच्या पूर्व भागात मागासाठी सुताच्या कांड्या भरून घर चालवलं, त्याच्या शरीराची भट्टी धाग्याच्या नावाने ओळखली जावी, हे मला आवडलं. त्यातही गंमत अशी की तंतुकणिका येतात फक्त आईकडून. वडिलांच्या तंतुकणिका पोराच्या वाट्याला येत नाहीत. वडील असते तर त्यांनी यावर वाद घातला असता.

थायरॉईडचा यात हात असा. गोळीतलं थायरॉक्सिन ऊर्फ टी-फोर म्हणजे चार आयोडीनचं, ही मुदत ठेव. रक्तात पडून राहतं, निम्मं व्हायलाही आठवडा लागतो. यकृतासारख्या ठिकाणी त्यातलं एक आयोडीन काढलं की होतं टी-थ्री, म्हणजे सुटे पैसे. बाजारात चालतात ते हेच. टी-थ्री पेशीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जनुकं चालू करतं, आणि मग नव्या तंतुकणिका घडू लागतात, असलेल्यांना नवी यंत्रसामग्री मिळते. मी आधी समजत होतो की थायरॉईड म्हणजे मुकादम, 'चला, हात उचला' म्हणून ओरडणारा. तो तसा नाही. तो शेडमध्ये नवे माग बसवतो. ओरडलं तर काम त्याच मिनिटाला वाढतं. माग बसवायचे तर पाया खणण्यापासून तयारी. पहिली गोळी घेऊन मी तासाभराने बायकोला विचारलं होतं, "चेहऱ्यावर काही फरक?" ती म्हणाली, "चहा हवाय, एवढं दिसतंय." डॉक्टरांनी पुढची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी का सांगितली ते तेव्हा कळलं.

आणि आता ऊब. इथे मी दोन रात्री अडकलो होतो. अन्न जाळून मिळालेल्या जोरावर तंतुकणिका आपल्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलून ठेवते, धरणात पाणी अडवावं तसे. तिथून ते एका अतिसूक्ष्म चाकातून परत येतात. चाक खरोखरीच गरगरतं आणि त्यातून एटीपी तयार होतं, ज्यावर शरीराचं सगळं काम चालतं. पण सगळे प्रोटॉन चाकातून येत नाहीत. काही पडद्यातून सरळ पाझरतात. काम शून्य, नुसती उष्णता. थायरॉईड जसा चाकांची संख्या वाढवतो तसा हा पाझरही वाढवतो. शिवाय पेशीत झिरपणारं सोडियम बाहेर फेकणारे पंप तो वाढवतो. तेही सारखे चालतात आणि तापतात. आपली ऊब ही अशी गळतीची ऊब आहे. १८९५ मध्येच मॅग्नस-लेव्ही या जर्मन डॉक्टरांनी माणसांचा श्वास मोजून दाखवलं होतं की थायरॉईड कमी असलेला माणूस प्राणवायू कमी वापरतो आणि ग्रंथी खायला दिली की वापर वाढतो. विझत आलेल्या चुलीला वारा घातल्यासारखं.

आता हे सोलापुरात कुणाला सांगायचं? उजनीहून शंभरेक किलोमीटर पाइपातून पाणी येणार, नळ काही दिवसांआड सुटणार, सुटला की गल्लीभर घागरी, पिंप, बादल्या. कुठे पाइप फुटला तर लोक रस्त्यावर उतरतात. अशा गावात उभा राहून 'गळती हवी, गळतीशिवाय माणूस गार पडतो' असं म्हणणारा मी पहिलाच असेन. बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग मोरीचा नळ तसाच राहू दे?" तो नळ माझ्याकडून दोन महिने दुरुस्त करायचा राहिला होता. आळसामुळे नव्हे, हे पुन्हा सांगितलं. तिने पान्हा हातात दिला.

गळती फार झाली तर काय होतं, तेही वाचलं. १९६२ मध्ये डॉक्टर रॉल्फ लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या एका बाईची हकिगत छापली. भरपूर खायची तरी अंगाने किरकोळच, आणि सारखी घामाघूम. थायरॉईड तपासलं, ठणठणीत. दोष तंतुकणिकांतच होता. अन्न जळायचं ते एटीपीच्या मागणीला न जुमानता, मोकाट. थायरॉईडकडे बोट दाखवणारी सगळी लक्षणं, आणि थायरॉईड निर्दोष! त्या बाईचा विचार माझ्या मनातून जाईना. तिकडे बर्फाच्या देशात ती घाम पुसतेय आणि इकडे सोलापूरच्या उन्हाळ्यात मी मोर पांघरून पडलोय. आमची एकदा भेट व्हायला हवी होती.

मी मात्र या ज्ञानाचा गैरफायदा घ्यायला लागलो होतो, कबूल करतो. भाजी आणायची विसरलो, थायरॉईड. वीजबिल भरायचं राहिलं, तंतुकणिका. वजन सहा किलो वाढलं तेही त्याच खात्यावर टाकायला निघालो, तर डॉक्टर म्हणाले, "त्यातलं थोडं थायरॉईडचं, अंगात साचलेलं पाणी आणि मीठ. बाकीचं पार्क चौपाटीवरच्या खाण्याच्या गाड्यांना जाऊन विचारा."

तिसऱ्या आठवड्यात बेरीज पहिल्या फटक्यात जुळली. चौथ्यात जिना बोलायला न थांबता चढलो. पाचव्यात मित्राने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तू परत पंख्याखाली सरकायला लागलास बे." माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मेच्या शेवटी एका रात्री वीज गेली. कूलर घरघरत थांबला, मागच्या बोळातले मागही एकदम गप्प झाले. ती शांतता आम्हाला खडखडाटापेक्षा मोठी वाटते, तिनेच जाग आली. चादर पायाशी गोळा होऊन पडलेली. मानेखाली काहीतरी ओलं लागलं. उशी भिजली होती. हात लावून पाहिलं, वास घेऊन पाहिलं. खारट. घाम! वर्षभरात पहिला. मी बायकोला हलवून उठवलं.

"अगं, बघ, घाम आलाय!"

तिने अंधारात क्षणभर माझ्याकडे पाहिलं, चादर उचलून माझ्या अंगावर फेकली आणि कूस बदलली.

"पंखा घ्या हातात. आणि मलाही घाला वारा."